गव्हर्नरांची भांडणं आणि माणसांची ओढाताण

अमेरिकेच्या व्हिसाचा एखादा नियम बदलला की मराठी घरांतही वादाला तोंड फुटतं. एक बाजू म्हणते, हे लोक स्वतःच बाहेरून आले, त्यांच्याकडे कोणी परवाना मागितला होता? दुसरी म्हणते, घर त्यांचं आहे, कोणाला आत घ्यायचं ते त्यांनीच ठरवायचं. अमेरिकेतले वाद घालणारेही याहून फारसं वेगळं बोलत नाहीत. दोन्ही बाजू साक्षीला सतराव्या शतकात अमेरिकेत वसलेल्या इंग्रज-डच वसाहतींनाच उभं करतात. एकीला तिथे उघडं दार दिसतं, दुसरीला कायद्याने राखलेली वेस.

त्या वसाहतींच्या गव्हर्नरांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं, केलेले तह आणि मागे ठेवलेल्या नोंदी वाचल्या की दोन्हीकडचा साक्षीदार फितूर होतो. या गव्हर्नरांचा मुख्य तंटा लोकांना बाहेर ठेवण्यावरून नव्हताच. शेजाऱ्याची माणसं आपल्याकडे वळवायची, आपली त्याच्याकडे जाऊ द्यायची नाहीत, आणि गेलीच तर त्यांच्या मागोमाग आपला हक्क पुढे सरकवायचा, यावरून तो होता. जमिनीवरचा हक्कच मुळी वस्तीवरून ठरत होता. त्यामुळे आत येणाऱ्याला परवानगी देणाऱ्याचा स्वतःचा अधिकार बहुतेक वेळा तिथे आधी येऊन बसलेल्या माणसांच्या जोरावरच उभा असे. ही गोष्ट सोडून त्या काळाचा दाखला द्यायचा म्हणजे सातबारा न पाहता बांधावरून भांडायचं.

हक्क कसा तयार होत असे ते कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात अगदी जवळून दिसतं. जून 1633 मध्ये न्यू नेदरलँड या डच वसाहतीच्या लोकांनी आजच्या हार्टफर्डजवळची जमीन पीक्वॉट या तिथल्या मूळ जमातीकडून विकत घेतली आणि तिथे ‘हाउस ऑफ होप’ नावाची लहानशी गढी बांधली. इकडे प्लिमथ वसाहतीच्या इंग्रजांनाही नदीवरचा बीव्हरच्या कातड्यांचा व्यापार हवा होता. जुलैमध्ये त्यांचे पुढारी विल्यम ब्रॅडफर्ड आणि एडवर्ड विन्स्लो बोस्टनला गेले आणि शेजारच्या मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याच्यापुढे त्यांनी भागीदारीचा प्रस्ताव ठेवला. विन्थ्रॉपने नकार दिला. त्याच्या नोंदीतली कारणं अशी: तिथे तीन-चार हजार लढवय्ये इंडियन (म्हणजे मूळ रहिवासी) आहेत, नदीच्या मुखाशी वाळूचा बांध असल्याने भरतीलाही जेमतेम सहा फूट पाणी मिळतं, आणि बर्फ व पाण्याची ओढ यांमुळे वर्षातले सात महिने गलबत आत शिरत नाही. वस्तीला जागा नालायक.

मग प्लिमथने एकट्यानेच बेत केला. घराचा सांगाडा आधीच तासून घेतला, फळ्या-खिळ्यांसह तो गलबतावर चढवला आणि सप्टेंबरमध्ये त्यांचा विल्यम होम्स डच गढीच्या तोफांसमोरून सरळ वर निघून गेला. डचांनी थांबण्याचा हुकूम दिला, तोफा डागण्याची धमकी दिली, पण डागल्या नाहीत. होम्सने आजच्या विंडसरपाशी सांगाडा उभा केला, भोवती कुंपण ठोकलं आणि गलबत परत पाठवलं. येताना त्या गलबतात आणखी काही प्रवासी होते, आणि त्यांच्याकडे फारसं कोणी पाहत नाही: पीक्वॉटांनी त्या जागेवरून हुसकावलेले तिथले मूळ सरदार. डचांचं खरेदीखत पीक्वॉटांचं, तर प्लिमथचं खरेदीखत पीक्वॉटांनी परागंदा केलेल्यांचं. प्रत्येकाने आपापला विकणारा बरोबर आणला होता! नंतर डच डायरेक्टर (म्हणजे डचांचा गव्हर्नर) वाउटर व्हान ट्विलरने सत्तरेक माणसं निशाणं फडकवत पाठवली. कुंपण पाहून, रक्त सांडल्याशिवाय हे घर हलणार नाही हे ओळखून, ती आल्या पावली परतली.

या सगळ्यात परवानगी कोणाची होती? प्लिमथच्या सनदेत हे खोरं नव्हतं, मॅसॅच्युसेट्सच्या सनदेतही नव्हतं. होतं ते एवढंच: एक कागद, एक घर, एक कुंपण, आणि ते राखायला राहणारी माणसं. नांगर नंतर येतो, शेवटी निष्ठेची शपथ आणि कर. या साखळीतली एखादी कडी राहिली की हक्क पोकळ. डचांचं नेमकं तिथेच चुकलं. गढी होती, शिपाई होते, कुटुंबं नव्हती. 1639 मध्ये डेव्हिड डी व्ह्रीस हा डच दर्यावर्दी तिथे गेला तेव्हा इंग्रजांनी गढीभोवतीची जमीन नांगरून गाव वसवलेलं होतं. त्याने तक्रार केली तर तिथल्या इंग्रज गव्हर्नरने सांगितलं की जमीन ओसाड पडली होती, इतक्या वर्षांत तुम्ही इथे काही केलं नाहीत, आणि एवढी सुपीक जमीन पडीक ठेवणं पाप आहे. ‘कसेल त्याची जमीन’ हे सूत्र इथे गव्हर्नरच्या तोंडी आहे. फक्त आधीपासून मका, घेवडा आणि भोपळा पिकवणाऱ्यांना ते लागू नव्हतं.

आता मॅसॅच्युसेट्सकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. ज्या खोऱ्याला विन्थ्रॉपने 1633 मध्ये नालायक ठरवलं, तिथेच जायची परवानगी 1634 मध्ये त्याच्याच वसाहतीतल्या न्यूटाउन गावच्या लोकांनी मागितली. थॉमस हूकर हे त्यांचे पाद्री. कारणं तीन दिली: गुरांना चराई पुरत नाही, ते खोरं सुपीक आहे आणि आपण गेलो नाही तर दुसरे घेतील, आणि तिकडे मनाची ओढ आहे. विरोधकांचं उत्तर असं की आपण सर्व एका शरीराचे अवयव आहोत, वसाहत दुबळी आहे, हूकर गेले तर त्यांच्यामागे अनेक जातील आणि नवे येणारेही तिकडेच वळतील. मतं पडली. गावांचे प्रतिनिधी 15 बाजूने, 10 विरुद्ध. वरच्या मंडळाचं बहुमत मात्र विरुद्ध, त्यात उपगव्हर्नर रॉजर लडलोही होता. म्हणजे या वादात ‘बाहेरून येऊ द्यायचं का’ हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे ‘जाऊ द्यायचं का’.

लोक थांबले नाहीत. 1635 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्याच डॉर्चेस्टर गावची मंडळी थेट प्लिमथने विकत घेतलेल्या जमिनीवर जाऊन बसली आणि वर ही देवाने दाखवलेली जागा आहे असं सांगू लागली. त्या वर्षी 15 नोव्हेंबरलाच नदी गोठली. धान्याची गलबतं अडकली, माणसं बर्फातून पायी परत निघाली, आणि विन्थ्रॉपच्या नोंदीप्रमाणे सुमारे 2000 पौंडांची गुरं दगावली. तरी पुढच्या उन्हाळ्यात हूकर शंभरेक माणसं आणि 160 गुरं घेऊन निघालेच. प्लिमथने बरीच घासाघीस केली आणि शेवटी आपलं घर आणि विकत घेतलेल्या जमिनीचा सोळावा हिस्सा यांवर समाधान मानलं. ज्या मॅसॅच्युसेट्सने भागीदारी नाकारली होती, तिच्याच माणसांनी पंधरा हिस्से नेले. आणि मार्च 1636 मध्ये मॅसॅच्युसेट्सने या स्थलांतरितांवर एक वर्षासाठी राज्य करायला आठ जणांचं मंडळ नेमलं. त्या यादीत पहिलं नाव होतं लडलोचं. कालपर्यंत तो जाऊ नका म्हणत होता.

जमीन रिकामी का भासली, हेही इथेच सांगायला हवं. 1633-34 च्या देवीच्या साथीत या नदीवरच्या एका कोटातल्या हजारपैकी साडेनऊशेहून जास्त माणसं मेली, असं ब्रॅडफर्डने लिहून ठेवलं आहे. पुढच्या ‘ओसाड’ या शब्दामागे हे आहे.

कायदा आणि वेशीचा आधार घेणाऱ्यांची सर्वांत भक्कम जागा आता घेतो. मे 1637 मध्ये मॅसॅच्युसेट्सने ठरवलं की कौन्सिलच्या एका सदस्याची किंवा दोन मॅजिस्ट्रेटांची परवानगी नसेल तर कोणाही परक्याला तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवून घ्यायचं नाही. जमीन किंवा घर देणाऱ्या गावाला दर गुन्ह्याला 100 पौंड दंड, ठेवून घेणाऱ्याला 40 पौंड, आणि पुढे दर महिन्याला 20. त्या काळी हा दंड म्हणजे घर बुडवणारी रक्कम. रोख वसाहतीच्या पाद्र्यांना आव्हान देणाऱ्या अ‍ॅन हचिन्सनच्या धार्मिक गटाकडे होता. त्या जुलैत तिचे नातेवाईक बोटीतून उतरले तेव्हा विन्थ्रॉपने त्यांना चार महिन्यांचा मुक्काम दिला, कायमचा नाही. त्याचा युक्तिवाद आजही कोणी सहज खोडू शकणार नाही: ही वसाहत लोकांनी आपखुशीने, परस्परसंमतीने उभी केली, राहण्याची जागा त्यांची, म्हणून त्यांच्या संमतीवाचून तिथे येऊन राहण्याचा हक्क कोणालाच नाही, आणि ज्याच्यापासून नाश संभवतो त्याला नाकारणं हे कर्तव्यच. याला उत्तर दिलं आदल्या वर्षीच्या गव्हर्नरने, तरुण हेन्री वेनने. त्याचं म्हणणं, हा कायदा नियम सांगतच नाही, फक्त मॅजिस्ट्रेटांची मर्जी सांगतो. त्यांना पटेल तो आत, न पटेल तो बाहेर, मग तो राजाचा प्रजाजन असो की सच्चा ख्रिस्ती.

मी इथे विन्थ्रॉपला अर्धे गुण देतो. जो समुदाय आपल्यात कोणाला घ्यायचं हे ठरवू शकत नाही तो समुदाय फार दिवस टिकत नाही, हे खरंच आहे. पण ‘जागा आमची’ हे गृहीतक तपासा. त्याच वर्षी कनेक्टिकटमध्ये त्याच्याच वसाहतीतून गेलेली माणसं प्लिमथच्या आणि त्याआधी सरदारांच्या जमिनीवर संमतीशिवाय बसलेली होती. संमतीचा नियम आत येणाऱ्यांना लावायचा आणि आपण दुसऱ्याकडे जाताना विसरायचा, हा नियम कसला? आणि निघून जाणाऱ्यांना तो काय लावत होता तेही पाहा. 1640 मध्ये इंग्लंडमधली यादवी जवळ आली तशी नवी आवक आटली. त्याआधीच्या दहा वर्षांत वीसेक हजार माणसं आली होती. त्याच सुमाराला लॉर्ड से अँड सील या इंग्रज उमरावाने न्यू इंग्लंडची माणसं कॅरिबियनमधल्या प्रॉव्हिडन्स बेटावर ओढायला सुरुवात केली. विन्थ्रॉपने रागाचं पत्र लिहिलं की आमच्या देशाची बदनामी करू नका. लॉर्डसाहेबांचं उत्तर असं की न्यू इंग्लंड हा तात्पुरता आसरा होता, आता चांगली जागा सापडली आहे, सर्वांनी तिकडे यावं. 1641 मध्ये कॅप्टन विल्यम पीअर्स दोन लहान गलबतांतून माणसं घेऊन गेला, तर बेट आधीच स्पॅनिशांनी जिंकलेलं. किनाऱ्यावरून झालेल्या माऱ्यात पीअर्स ठार झाला. पुढच्या वर्षी विन्थ्रॉप नोंदीत सोडून जाणाऱ्यांना विचारतो: सगळे सोडून जातील असं वाटलं असतं तर तू तरी कुटुंबाला घेऊन तीन हजार मैल आला असतास का? वाचताना माणूस म्हणून वाईट वाटतं. पण राज्यकर्ता म्हणून तो काय सांगतोय? येण्याला आमची संमती लागते, आणि जाण्यालाही आमचीच.

उघड्या दाराची बाजूही इतकी हलकी नाही. ऱ्होड आयलंड या इंग्रज वसाहतीला सर्वांच्या आधी पुढे आणावं लागतं. 1657 मध्ये शेजारच्या चार वसाहतींच्या संघाने क्वेकरांना (पाद्री न मानणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांना) हाकला असं तिला कळवलं. तिथला अध्यक्ष बेनेडिक्ट अर्नोल्ड याने उत्तर पाठवलं की आमच्याकडे त्यांना शिक्षेचा कायदा नाही. आणि अनुभव असा की जिथे त्यांना मोकळेपणी बोलू देतात आणि फक्त युक्तिवादाने विरोध करतात, तिथे यायची त्यांना सर्वांत कमी इच्छा असते. मॅसॅच्युसेट्सने उलट वाट धरली. क्वेकर आणणाऱ्या कप्तानाला 100 पौंड दंड, आसरा देणाऱ्याला तासाला 40 शिलिंग, आणि 1659 ते 1661 या काळात चौघांना फाशी. कोणाचा उपाय चालला, ते वेगळं सांगायला नको. लाँग आयलंडवरच्या डच हद्दीत डायरेक्टर कीफ्टने 1645 मध्ये फ्लशिंगच्या इंग्रजांना सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य सनदेत लिहून दिलं होतं. 1657 मध्ये क्वेकरांना आसरा देण्याची बंदी आली तेव्हा गावकऱ्यांनी त्याच सनदेवर बोट ठेवून कीफ्टनंतरचा डायरेक्टर स्टायव्हेसंट याला अर्ज केला. ही उदाहरणं खरी आहेत आणि मोलाची आहेत.

पण औदार्याचा हिशोब मांडायचा तर बहुतेक ठिकाणी तो माणशी मांडलेला सापडतो. व्हर्जिनियात 1618 पासून स्वखर्चाने आणलेल्या दर डोक्यामागे 50 एकर. न्यू नेदरलँडमध्ये 1629 च्या सनदेने, चार वर्षांत पंधरा वर्षांवरची 50 माणसं वसवणाऱ्याला नदीकाठची जहागीर. मेरीलँड वसाहतीचा कॅथलिक मालक लॉर्ड बाल्टिमोर याने 1643 मध्ये बोस्टनच्या एका कप्तानाला पत्र पाठवून कौलच दिला: या, जमीन घ्या, धर्म हवा तो पाळा, ठरेल तो खंड भरा. बोस्टनमधून कोणी गेलं नाही. मग 1648 मध्ये त्याने विल्यम स्टोनला गव्हर्नर केलं. स्टोनने 500 माणसं आणायचं कबूल केलं होतं. ती मिळाली शेजारच्या व्हर्जिनियात. तिथला गव्हर्नर बर्कली प्युरिटनांना (कडव्या प्रोटेस्टंटांना) हुसकावत होता, स्टोनने त्यांना सेव्हर्न नदीकाठी जागा दिली. 1649 चा प्रसिद्ध धर्मसहिष्णुता कायदा याच घडामोडीतला आहे. पुढे? त्याच पाहुण्यांनी 1654 मध्ये कॅथलिकांचं संरक्षण काढून घेतलं आणि मार्च 1655 मध्ये सेव्हर्नच्या लढाईत स्टोनचा पराभव केला. यावरून ‘बघा, आत घेतलं की असं होतं’ असं कोणी म्हणेल. मला वेगळं दिसतं. बाल्टिमोरला माणसं हवी होती ती आपली मालकी भरून काढायला. त्या माणसांना राज्यकारभारात किती वाटा, हा प्रश्न त्याने पुढे ढकलला होता.

याच हिशोबाची सर्वांत उघडी बाजू न्यू नेदरलँडची राजधानी न्यू ॲमस्टरडॅमला दिसते. फेब्रुवारी 1644 मध्ये, इंडियनांशी युद्ध चालू असताना, कीफ्टने डच वेस्ट इंडिया कंपनीच्या अकरा आफ्रिकन गुलामांना अठरा-एकोणीस वर्षांच्या चाकरीनंतर बायकांसह मुक्त केलं आणि गावाच्या उत्तरेला, हल्ला आला तर आधी जिथे येईल अशा जागी जमिनी दिल्या. बदल्यात दरवर्षी प्रत्येकी तीस स्खेपेल (धान्याचं डच माप) मका किंवा गहू, आणि वीस गिल्डरचं एक पुष्ट डुक्कर. मुलं, जन्मलेली आणि जन्मायची, कंपनीचीच. ‘सगळेच बाहेरून आले’ या वाक्यात या अकरा जणांना कुठे बसवायचं?

हाच काळ आणि हेच तर्कट मुंबईतही चाललं होतं. 1668 मध्ये दुसऱ्या चार्ल्सने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंडांवर दिली ती ‘ईस्ट ग्रिनिचच्या मॅनरप्रमाणे’ (मॅनर म्हणजे जहागीर) या कायदेशीर धाटणीने, म्हणजे व्हर्जिनिया आणि मॅसॅच्युसेट्सच्या सनदांत जी धाटणी आहे त्याच धाटणीने. आणि गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या अमदानीत दीवच्या निमा पारख या व्यापाऱ्याशी बोलणी झाली: घर-वखारीला जागा, धर्म पाळायची मोकळीक, वाड्यात जीवहत्या नाही, पहारा-चौकीतून सूट. पोर्तुगीजांची माणसं आपल्या बेटावर ओढण्याचं हे काम होतं, आणि त्यात दोघांचाही फायदा होता. त्याला तत्त्वनिष्ठेचं नाव देण्याचं कारण नाही.

एक आक्षेप उरतो. मॅसॅच्युसेट्स, प्लिमथ, कनेक्टिकट हे एकाच राजाचे. एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाणाऱ्याला आजच्या अर्थाने स्थलांतरित कसं म्हणणार? आक्षेप वजनदार आहे, म्हणून डच-इंग्रज सीमा पाहायची. तिथे दोन वेगळी राज्यं होती, आणि रीत तीच. 1647 मध्ये न्यू हेवन या इंग्रज वसाहतीच्या गव्हर्नर थिओफिलस ईटनने डच कंपनीचे तीन पळालेले नोकर परत द्यायला नकार दिला, कारण पीटर स्टायव्हेसंटने न्यू हेवनच्या बंदरातून एक जहाज पकडून नेलं होतं. स्टायव्हेसंटने जाहीर करून टाकलं की न्यू हेवनमधून जो कोणी पळून येईल, स्वतंत्र असो की गुलाम, ऋणको असो की कैदी, त्याला शपथ घेतल्यावर अभय. मग चोरून त्या तिघांना माफीचा निरोप धाडला, ते परत आले, आणि जाहीरनामा मागे घेतला गेला. आसरा हे इथे हत्यार आहे. 1650 च्या हार्टफर्ड तहात लाँग आयलंडवर ऑयस्टर बेपासून आणि मुख्य भूमीवर ग्रिनिच बेच्या पश्चिमेपासून रेषा आखली गेली, आणि इंग्रज वसाहतींनी आपसात 1643 मध्ये ठरवलेला पळपुट्यांच्या परतीचा नियम डचांनाही लागू झाला. स्टायव्हेसंटच्या बाजूने तह करणारे दोघेही इंग्रजच होते.

रेषा टिकली का? 1662 मध्ये कनेक्टिकटच्या गव्हर्नरने, म्हणजे जुन्या विन्थ्रॉपच्या मुलाने, लंडनहून थेट दक्षिण समुद्रापर्यंतची (म्हणजे पॅसिफिकपर्यंतची) सनद आणली आणि डच हद्दीतल्या इंग्रज गावांवरही हक्क सांगितला. गावं आधी, रेषा नंतर. 1664 मध्ये इंग्रज सेनापती निकल्स न्यू ॲमस्टरडॅम घ्यायला आरमार घेऊन आला तेव्हा हाच धाकटा विन्थ्रॉप पांढरं निशाण लावून स्टायव्हेसंटकडे पत्र घेऊन गेला: हॉलंडहून माणसं पूर्वीसारखीच येऊन वस्ती करू शकतील. स्टायव्हेसंटने पत्र फाडलं, नागरिकांनी तुकडे जुळवायला लावले. शरणागतीच्या 23 कलमांतलं सहावं कलम तेच सांगतं. जिंकणारा हरलेल्याच्या देशातून माणसं येऊ देण्याचं वचन देतो, कारण माणसं नसलेलं शहर घेऊन काय करायचं?

आणि लाँग आयलंडच्या ज्या गावांच्या नावावर कनेक्टिकट भांडलं, ती धाकट्या विन्थ्रॉपने त्याच वर्षी निकल्सकडे सोपवून दिली. त्या गावांपैकी अनेकांना कनेक्टिकटमध्येच राहायचं होतं. 1665 मध्ये त्यांच्या प्रतिनिधींना हेम्पस्टेडला बोलावून तयार कायदे हातात ठेवले गेले. निवडलेली विधानसभा मिळायला 1683 उजाडलं.